अपस्मार आणि तरुण वय : लपवणुकीच्या रूढीचा इतिहास

अपस्मार म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्-क्रियेत अचानक गोंधळ उडून पुन्हा पुन्हा झटके येण्याची प्रवृत्ती. मराठीत तिला फेफरे, मिरगी, आकडी असे म्हणतात. आज घरोघरी 'फिट येणे' हाच शब्दप्रयोग रूढ आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नीट निदान होऊन औषधे मिळाली, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात.

हा आजार कोणत्याही वयात होतो, पण त्याची सुरुवात बालपणी किंवा उतारवयात जास्त आढळते. शाळकरी वयातल्या एका प्रकारात मूल जमिनीवर कोसळत नाही. ते लिहिता लिहिता काही सेकंद थबकते, नजर शून्यात लागते, आणि काहीच न घडल्यासारखे पुन्हा लिहू लागते. वर्गात त्याला 'लक्ष कुठे आहे?' म्हणून बोलणी बसतात. दुसरा प्रकार साधारण १२ ते १८ या वयात सुरू होतो. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ डीटर यान्झ यांनी १९५७ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसतात, दात घासताना ब्रश उडतो, चहाचा कप निसटतो. घरचे त्याला धांदरटपणा समजतात आणि परीक्षेच्या जागरणानंतर एखाद्या पहाटे मोठा झटका येतो, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला जातो.

या वयात मुलगा किंवा मुलगी मित्र जोडत असते, एकट्याने बाहेर पडू लागते, पुढच्या शिक्षणाचा आणि पोटापाण्याचा विचार करत असते. नेमक्या त्याच वेळी आजार येतो. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत ओसरतो. पण त्याच्यामुळे आलेली भीती, संकोच आणि एकटेपणा वर्षानुवर्षे टिकतो. त्याचा काही भाग मेंदूच्या विकाराचा आहे, काही औषधांचा. उरलेला मोठा भाग समाजाने रुग्णाला बाजूला ठेवण्याच्या आणि घराने आजार झाकण्याच्या रूढीतून आला आहे, आणि या रूढीला फार जुना लेखी इतिहास आहे.

प्राचीन ग्रंथांतले रुग्ण

बॅबिलोनियातील 'सकिक्कू' या निदानग्रंथात, ख्रिस्तपूर्व अकराव्या शतकाच्या सुमारास, मातीच्या पाट्यांवर झटक्यांचे अनेक प्रकार नोंदलेले आहेत. निरीक्षण बारीक आहे, कारण मात्र पिशाच्चाचे किंवा एखाद्या देवतेच्या हाताचे सांगितले आहे. त्याहूनही जुन्या हम्मुराबीच्या कायद्यात असे कलम आहे की, विकत घेतलेल्या गुलामाला महिन्याच्या आत 'बेन्नू' हा रोग जडला, तर तो विकणाऱ्याला परत करून पैसे मागता येतील. अनेक अभ्यासक 'बेन्नू' म्हणजे अपस्मार मानतात. तसे असेल, तर या आजाराची सामाजिक किंमत पावणेचार हजार वर्षांपूर्वीच कायद्यात लिहिली गेली होती.

आयुर्वेदाने अपस्माराला उन्मादापासून वेगळे ठेवले. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी त्याला स्वतंत्र अध्याय आहे. वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि स्मृती व बुद्धी हरपणे हे मुख्य लक्षण मानले आहे. अशा रुग्णाला पाणी, अग्नी, झाडे, डोंगर आणि उंचसखल जागा यांपासून नेहमी जपावे, हा चरकाचा सल्ला आजही तसाच्या तसा लागू पडतो. विहिरीवर, चुलीपाशी किंवा नदीकाठी झटका आला, तर जिवावर बेतते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र विचार वेगळ्या वाटेने गेला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पछाडणाऱ्या नऊ ग्रहांचे वर्णन आहे, आणि त्यांतला एक स्कंदापस्मार. मूल बेशुद्ध होते, पुन्हा शुद्धीवर येते, हातपाय नाचवल्यासारखे हलवते, तोंडातून फेस काढते, मलमूत्र सोडते, असे त्यात म्हटले आहे. हे झटक्याचे हुबेहूब चित्र आहे. पण कारण ग्रहबाधेचे मानल्यामुळे उपचारांत औषधांबरोबर बळी आणि पूजाविधीही आले. मोठ्याचा आजार शरीराचा आणि मुलाचा आजार बाहेरच्या शक्तीचा, ही विभागणी लोकव्यवहारात पुढे फार काळ टिकली.

ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने या 'पवित्र' म्हणवल्या जाणाऱ्या रोगावर एक छोटा ग्रंथ लिहिला. हा रोग इतर रोगांपेक्षा अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्याने ठामपणे मांडले. त्याच ग्रंथात रुग्णांच्या वागण्याचे एक निरीक्षण आहे. आजार अंगवळणी पडलेल्या माणसाला झटक्याची चाहूल लागते, तेव्हा तो लोकांपासून दूर पळतो. घर जवळ असेल तर घरात, नाहीतर जिथे कमीत कमी माणसे बघतील अशा जागी जाऊन डोके झाकून घेतो. हे तो लाजेपोटी करतो, देवाच्या भीतीने नव्हे. लहान मुले मात्र सुरुवातीला असतील तिथेच पडतात. पुढे झटक्यांची सवय झाली, की चाहूल लागताच आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धावतात. कारण लाज म्हणजे काय, हे त्यांना अजून ठाऊक नसते.

आजच्या मानसशास्त्राला जे सिद्ध करायला विसावे शतक उजाडावे लागले, ते या वैद्याने दोन हजार चारशे वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी टिपले होते. लाज आजाराबरोबर जन्मत नाही, ती शिकवली जाते. आणि बालपण संपून तारुण्य सुरू होते त्या वळणावर ती शिकून पूर्ण होते.

बाधा आणि उतारा

रोगाचे मूळ मेंदूत आहे, हा विचार ग्रंथातच राहिला. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या मुलाला येशूकडे आणतो. लहानपणापासून त्याला भूत धरते आणि कित्येकदा आगीत आणि पाण्यात पाडते, असे तो सांगतो. या कथेचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतके अपस्मार म्हणजे भूतबाधा हेच समीकरण चालले. रोमन काळी अपस्मारी माणूस समोर दिसला तर लोक थुंकत, म्हणजे आपल्याला संसर्ग होणार नाही, असा समज होता.

महाराष्ट्रातही झटका आला की कांदा फोडून नाकाशी धरणे, चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ल्यांचा जुडगा किंवा लोखंडाचा तुकडा कोंबणे हे प्रकार सर्रास चालत आले आहेत. झटका आपोआपच थांबणार असतो. तो थांबला की श्रेय कांद्याला किंवा चपलेला जाते आणि समज आणखी घट्ट होतो. नंतर देवऋषी किंवा भगत गाठायचा, अंगारा लावायचा, गंडा बांधायचा, उतारा टाकायचा. त्यात बापाला किंवा आईला दोष देण्यासारखे फारसे नाही. दवाखाना दूर आणि भगत गावात, अशी स्थिती असताना लेकरासाठी जे सुचले ते त्यांनी केले. पण दहाबारा वर्षांच्या मुलावर त्याचा परिणाम खोल होतो. शुद्धीवर येताना त्याला भोवती गर्दी दिसते, नाकाशी चप्पल असते, कपडे ओले झालेले असतात, आणि आपल्यात काहीतरी अमंगळ आहे, एवढेच त्याला त्या क्षणी कळते.

काही ठिकाणी भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाणही होत असे. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे गुन्हे म्हणून नोंदले आहेत. या कायद्याचा संबंध सर्वच अघोरी प्रकारांशी आहे, पण अपस्माराचे किती तरी रुग्ण अशा प्रकारांचे बळी ठरत आले होते.

वसाहती आणि वेगळ्या शाळा

एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि अमेरिकेत भुताची जागा संस्थेने घेतली. १८६७ साली जर्मनीत बीलेफेल्ड शहराजवळ एका शेतघरात अपस्मारी मुलांसाठी एक आश्रयस्थान सुरू झाले. १८७२ मध्ये पाद्री फ्रीड्रिख फॉन बोडेलश्विंग यांनी ते हाती घेतले आणि 'बेथेल' या नावाने ती एक मोठी वसाहत झाली. तिथे रुग्ण राहत, शेती करत, कारखान्यांत काम शिकत. वेड्यांच्या इस्पितळात किंवा अनाथालयात खितपत पडण्यापेक्षा हे जिणे शतपटींनी बरे होते. बेथेलचे उदाहरण पाहून इंग्लंडमध्ये १८९४ साली चाल्फंट येथे वसाहत, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सोन्येया येथे १८९६ साली 'क्रेग कॉलनी' सुरू झाली. १८९९ साली ब्रिटिश संसदेने अपस्मारी मुलांच्या शिक्षणाचाही कायदा केला आणि स्थानिक शाळा मंडळांना त्यांच्यासाठी वेगळी सोय करण्याचे अधिकार दिले.

हेतू दयेचा होता, परिणाम दुहेरी झाला. मुलाला अन्न, काम, सोबत आणि सुरक्षितता मिळाली. त्याचबरोबर घर, गाव, भावंडे आणि सामान्य शाळा तुटली. दहाव्या वर्षी वसाहतीत गेलेले मूल पंचविसाव्या वर्षी बाहेर आले, तर बाहेरच्या जगात राहायची त्याला सवयच नसे. त्याचा तुसडेपणा, हट्टीपणा, संथपणा पाहून त्या काळच्या डॉक्टरांनी 'अपस्मारी स्वभाव' नावाची कल्पना रूढ केली. इटलीचे चेझारे लोम्ब्रोझो यांनी तर गुन्हेगारी आणि अपस्मार यांचे नाते जोडले.

या संथपणात औषधाचाही वाटा होता. १८५७ साली लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला आणि पुढची पन्नास वर्षे तेच मुख्य औषध राहिले. त्याने झटके कमी होत, पण रुग्ण दिवसभर गुंगीत असे, बुद्धी मंदावल्यासारखी होई आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या येत. गुंगीत ठेवलेल्या आणि एकाकी वाढवलेल्या तरुणाचे वागणे पाहून त्याला आजाराचा स्वभाव ठरवले गेले.

वंशशुद्धीचे कायदे

विसाव्या शतकाच्या तोंडावर वसाहतींचा हेतूच बदलू लागला. रुग्णाला सांभाळण्याऐवजी त्याला मुले होऊ न देणे हे उद्दिष्ट पुढे आले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १८९५ मध्ये अपस्मारी व्यक्तींच्या विवाहावर बंदी घातली आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. १९०३ च्या अमेरिकी कायद्याने अपस्मारी परदेशी माणसाला देशात प्रवेश नाकारला. व्हर्जिनिया राज्याने अपस्मारी आणि 'मंदबुद्धी' माणसांसाठी लिंचबर्गजवळ वसाहत काढली, आणि १९२४ च्या कायद्याने तिथल्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याची परवानगी दिली. त्याच वर्षी कॅरी बक ही १७ वर्षांची मुलगी 'मंदबुद्धी' ठरवून तिथे दाखल करण्यात आली. तिच्यावरच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली मान्यता दिली. तिची बुद्धी सामान्य होती, हे पुढच्या संशोधनाने दाखवून दिले.

जर्मनीत जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने केलेल्या नसबंदीच्या कायद्यात आनुवंशिक अपस्माराचा उल्लेख होता. त्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. त्यांत नुकतेच वयात आलेले मुलगे आणि मुलीही होत्या. मुलाला झटके येतात हे डॉक्टरला सांगणे म्हणजे त्याला सरकारच्या हवाली करणे, अशी वेळ आई-बापांवर आली. आजार लपवणे हा तेव्हा केवळ लाजेचा भाग राहिला नाही. तो मुलाला वाचवण्याचा मार्ग झाला. अनेक देशांतल्या घरांनी हा धडा पुढच्या पिढ्यांना दिला.

आलेख आणि औषधे

याच काळात प्रयोगशाळेत वेगळेच घडत होते. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी कवटीवरून टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९३५ साली बोस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी क्षणभर थबकणाऱ्या मुलांच्या मेंदूत सेकंदाला सुमारे तीन या गतीने उठणाऱ्या ठरावीक लहरी दाखवल्या. वर्गात बेलक्ष म्हणून शिक्षा भोगणाऱ्या मुलाची बाजू पहिल्यांदाच कागदावर उमटली. कागद बघणाऱ्याला त्यात भूत दिसत नव्हते, आळस दिसत नव्हता. दिसत होती ती मेंदूची एक क्रिया.

औषधेही सुधारली. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आले, १९३८ मध्ये ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पुटनम यांनी फेनिटॉइनचा उपयोग प्रसिद्ध केला, १९६०च्या दशकात कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट यांची भर पडली. पण प्रत्येक औषधाने तरुण वयाकडून वेगळी किंमत घेतली. फेनोबार्बिटलने लहान मुले चिडचिडी आणि अतिचंचल होतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात आणि अंगावर लव वाढते. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, आणि गरोदरपणी घेतल्यास बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून मुलींना ते आता शक्यतो दिले जात नाही. आरशासमोर तासन्‌तास उभे राहण्याच्या वयात चेहरा आणि अंग बदलणारी गोळी घेत राहणे सोपे नसते. किशोरवयीन रुग्ण गोळ्या चुकवतात, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की, रोजची गोळी रोज आठवण करून देते की आपण इतरांसारखे नाही.

मनाचे मोजमाप

अपस्मारी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याची पद्धतशीर मोजणी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर झाली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात बेटावरच्या शाळकरी मुलांची पाहणी केली आणि १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. मेंदूशी संबंध नसलेले दीर्घ आजार असलेल्या मुलांत ते १२ टक्के, फक्त अपस्मार असलेल्या मुलांत २९ टक्के, आणि अपस्माराबरोबर मेंदूत इजाही असलेल्या मुलांत ५८ टक्के आढळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या देशव्यापी पाहणीतही हेच चित्र होते: अपस्मारी मुलांत ३७ टक्के, मधुमेही मुलांत ११ टक्के, इतर मुलांत ९ टक्के.

मधुमेहाशी केलेली तुलना महत्त्वाची आहे. मधुमेही मुलालाही रोज औषध घ्यावे लागते, खाण्यापिण्याची बंधने पाळावी लागतात, शाळेत वेगळे वागावे लागते. तरीही त्याच्या मनावर एवढा ताण येत नाही. अपस्मारात मेंदूच बाधित असल्यामुळे मनोव्यापारांवर थेट परिणाम होतो, हे एक कारण. दुसरे कारण अनिश्चितता. झटका कधी येईल, कुठे येईल, कोणासमोर येईल हे मुलाला कळत नाही, आणि आपल्या शरीरावर आपला ताबा नाही ही भावना त्याच्या मनात घर करते. त्यातून चिंता आणि नैराश्य येते. तिसरे कारण भोवतालची माणसे.

या तिसऱ्या कारणाचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी केला. अमेरिकेत जोसेफ श्नायडर आणि पीटर कॉनराड यांनी १९८०च्या सुमारास रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. आजार ही लाजेची गोष्ट आहे, ती बाहेर बोलायची नाही, हे बहुतेकांना पहिल्यांदा आई-वडिलांनीच शिकवले होते, असे त्यांना दिसले. १९८६ साली ब्रिटनचे ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी दाखवून दिले की, प्रत्यक्ष भेदभाव सोसलेल्या रुग्णांपेक्षा भेदभाव होईल या धास्तीने जगणारे रुग्ण अधिक आहेत, आणि ही धास्तीच त्यांच्या आयुष्याचे जास्त नुकसान करते. लपवल्यामुळे अपमान टळतो. पण लपवणाऱ्या माणसाला मदत मागता येत नाही, आणि कळले तर काय, या विचारात त्याचे दिवस जातात.

त्याचे परिणाम प्रौढपणीही दिसतात. फिनलंडमध्ये तुर्कू परिसरातील अपस्मारी मुलांचा माटी सिलान्पा यांनी १९६०च्या दशकापासून तीन दशकांहून अधिक काळ मागोवा घेतला. बहुतेकांचे झटके थांबले होते. तरीही, दुसरा कोणताही मेंदूविकार नसलेल्या रुग्णांतसुद्धा शिक्षण, नोकरी, लग्न आणि मुलेबाळे यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते.

भारत : लग्नाचा प्रश्न

भारतात तरुण रुग्णाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण टप्पा म्हणजे लग्न. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ज्या कुळांतली मुलगी करू नये अशांची यादी आहे. क्षय, कोड, कुष्ठ यांच्याबरोबर अपस्मार असलेले कुळही त्यात आहे. दोष एका व्यक्तीचा न राहता कुळाचा झाला. त्यामुळे एका मुलीला झटके येत असतील, तर तिच्या धाकट्या बहिणीचे आणि भावाचेही स्थळ अडते, ही भीती घराघरांत मुरली. मोठ्या मुलीचा आजार लपवण्यामागे बऱ्याचदा धाकटीच्या भवितव्याची चिंता असते.

स्वातंत्र्योत्तर कायद्याने ही भीती आणखी पक्की केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने विवाहाच्या अटींत वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके नसावेत, असे कलम घातले. विशेष विवाह कायद्यातही तीच भर पडली. अट मोडली असेल तर विवाह रद्द करून घेता येई. हे शब्द ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्यातल्या शब्दांशी जुळतात, आणि ब्रिटनने ते १९७१ साली काढूनही टाकले होते. तिकडे कालबाह्य ठरलेली तरतूद इकडे पाच वर्षांनी आली, आणि तीही झटके आटोक्यात आणणारी औषधे बाजारात असताना.

या तरतुदीविरुद्ध डॉक्टर आणि रुग्ण यांना एकत्र यावे लागले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. एडी भरूचा यांच्या पुढाकाराने इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आधीच स्थापन झाली होती. बंगळुरूचे डॉ. के. एस. मणी यांनी तिच्या कामात मोठा वाटा उचलला. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे, वेड नव्हे, आणि त्याचे बहुतेक प्रकार थेट आनुवंशिक नसतात, हे त्यांना संसदेपर्यंत पोहोचवावे लागले. अखेर १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने दोन्ही कायद्यांतून अपस्मार हा शब्द वगळला. तेवीस वर्षे तो तिथे होता.

कायदा बदलला तरी स्थळ बघताना होणारी लपवाछपवी थांबली नाही. साक्षरतेत अग्रेसर असलेल्या केरळमधल्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २००७ साली आले, लग्नाआधी अपस्मार सुरू झालेल्या ८२ स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी लग्न ठरताना तो सांगितला नव्हता. लपवून लग्न झाले की गोळ्याही लपवाव्या लागतात. त्या माहेरून गुपचूप आणायच्या, कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवायच्या, आणि जमले नाही तर बंद करायच्या. औषध अचानक बंद झाले की झटका येतो आणि सासरी पहिल्यांदा सगळ्यांसमोर तो दिसतो. मग आजारापेक्षा फसवणुकीचा मुद्दा मोठा होतो आणि माहेरी परत पाठवलेल्या मुलीला दोन्ही घरे बोल लावतात. मुलांच्याही वाट्याला नकार येतात, पण लपवणुकीचा हा पूर्ण भार बहुतेक वेळा मुलींवर पडतो.

शाळा, खेळ आणि नोकरी

मुलींवर जास्त भार पडतो हे गावपातळीवरही दिसले. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात देब पाल आणि सहकाऱ्यांनी अपस्मारी मुलांचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. ही मुले शाळेतून, खेळातून आणि वयानुसार येणाऱ्या घरकामातूनही बाजूला पडत होती, आणि मुली जास्त. घरकामातून सुटका वरवर सवलत वाटते. पण चूल, विहीर, शेत यांपासून दूर ठेवलेल्या मुलीला घरात स्थान उरत नाही, आणि तिला स्वतःलाही आपण कामाच्या नाही असे वाटू लागते.

शहरातली काळजी वेगळ्या रूपात येते. सहलीला पाठवायचे नाही, पोहायला नाही, सायकल नाही, मैत्रिणीकडे राहायला नाही. पोहताना सोबत कुणी तरी असावे, उंचावर चढू नये, जागरण टाळावे ही पथ्ये खरोखरच आवश्यक आहेत. त्यापलीकडची बंधने आई-वडिलांच्या भीतीतून येतात आणि मुलाचा आत्मविश्वास पोखरतात. केरळमधील २००० सालच्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांना अपस्मारी व्यक्तीचे शिक्षण किंवा नोकरी नीट होऊ शकत नाही असे वाटत होते, २७ टक्के अपस्माराला वेडाचा प्रकार समजत होते, आणि ११ टक्के आपल्या मुलांना अपस्मारी मुलांबरोबर मिसळू द्यायला तयार नव्हते. वर्गमित्रांच्या आई-वडिलांपैकी दहातला एक जरी असे मानत असेल, तरी ते मुलाच्या कानावर येतेच.

अठराव्या वर्षी आणखी एक दार बंद होते. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याविषयी प्रश्न आहे. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी असा प्रश्न हवाच. पण अनेक देशांत ठरावीक काळ झटका आला नाही तर परवाना मिळतो, तशी स्पष्ट सोय नसल्यामुळे इथे तरुणांपुढे खोटे लिहिणे किंवा गाडी सोडणे एवढेच पर्याय उरतात. फिरतीची नोकरी हवी असलेल्या मुलाला नियमच लपवायला शिकवतो.

लपवणुकीतून बाहेर

१९९७ साली जागतिक आरोग्य संघटना, १९०९ पासून काम करणारी इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी आणि इंटरनॅशनल ब्यूरो फॉर एपिलेप्सी यांनी अपस्माराला अंधारातून बाहेर आणण्याची जागतिक मोहीम सुरू केली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मारावर ठराव केला आणि २०२२ ते २०३१ या काळासाठी कृती आराखडा ठरला. भारतात १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. मुंबईतील एपिलेप्सी फाउंडेशन ग्रामीण भागांत तपासणी शिबिरे घेते. पुण्यातील संवेदना फाउंडेशनने रुग्णांचा मदतगट चालवला आणि अपस्मार असलेल्यांसाठी वधू-वर मेळाव्यासारखे उपक्रम केले, जिथे आजार पहिल्याच भेटीत उघडपणे सांगता येतो. ज्या व्यवहारात लपवणूक सर्वांत जास्त, तिथेच मोकळेपणा आणण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळेत करायचे काम त्याहून सोपे आहे. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ बघावे, तोंडात चमचा किंवा काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर दवाखान्यात न्यावे. एवढे शिक्षकाला ठाऊक असले, तर तो घाबरत नाही. शिक्षक घाबरला नाही, तर वर्ग घाबरत नाही. आणि शुद्धीवर येणाऱ्या मुलाला भोवती ओळखीचे, शांत चेहरे दिसतात. नंतर वर्गाशी दोन शब्द मोकळेपणाने बोलले, तर टोपणनावे पडत नाहीत.

२०१४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अपस्माराची नवी व्याख्या केली आणि तीत आजार संपल्याचे निकषही दिले: दहा वर्षे झटका नाही आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे औषधही नाही, तर अपस्मार संपला असे मानावे. वैद्यकाने अशा रीतीने आजारातून बाहेर पडण्याचा रस्ता आखून दिला आहे. समाजाने तो अजून मान्य केलेला नाही. वीस वर्षे झटका न आलेल्या माणसाच्याही नावामागे जुना शिक्का राहतो. वसाहती, नसबंदीचे कायदे, विवाहातली अट हे सगळे माणसांनी उभे केले आणि माणसांनीच मोडले. म्हणून घराघरांतली लपवणूकही अटळ नाही. आई-वडिलांनी मुलाला त्याच्या आजाराचे नाव सांगणे, शिक्षकाने वर्गाला ते समजावणे आणि लग्न ठरवताना ते मोकळेपणाने बोलले जाणे, या तीन गोष्टींवर पुढचा बदल अवलंबून आहे.